खर्जाच्या वाद्यांचा ठेवा

शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राच्या मालकीचे दोन ट्यूबा, म्हणजे खर्जाची पितळी वाद्ये, आहेत. दोन्ही यॉर्क कंपनीचे, मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात १९३०च्या दशकात घडवलेले. वाद्यवृंद-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांना आपल्या फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचा खर्ज ऑर्गनसारखा भरीव हवा होता, म्हणून ही अवाढव्य वाद्ये खास करून घेतली गेली. पण तिथले वादक फिलिप डोनाटेली अंगाने इतके भारदस्त, की वाद्य मांडीवर घेतल्यावर ते तोंडाशी नीट येईना. शेवटी त्यांनी त्यातले एक आपले विद्यार्थी आर्नोल्ड जेकब्स यांना १७५ डॉलरला देऊन टाकले. जेकब्स १९४४ पासून १९८८ पर्यंत शिकागोत वाजवत राहिले. श्वास कसा घ्यावा आणि कसा सोडावा, याचे ते इतके मोठे गुरू झाले, की ट्रम्पेट आणि बासरीवालेही त्यांच्याकडे शिकायला येत. त्यांच्या यॉर्कवर हिर्सब्रुनर या स्विस कारखान्याने आणि नंतर यामाहाने आपापली वाद्ये बेतली. वादक त्यांना लाडाने ‘यॉर्कब्रुनर’ आणि ‘यामायॉर्क’ म्हणतात.

पितळ तेच, नळी तीच. तरीही त्या एका वाद्याभोवती एवढी भक्ती जमा झाली, ती त्यातून कोणाचा श्वास गेला यामुळे. ट्यूबा, युफोनियम, बास ट्रॉम्बोन यांच्या चाहत्यांचे संग्रह पाहताना ही गोष्ट पदोपदी जाणवते. सनईच्या मागे बसून अखंड सूर धरणाऱ्या साथीदाराचे नाव जसे कुणी विचारत नाही, तसेच या मंडळींचे झाले. मैफलीच्या परीक्षणांत त्यांना ओळ मिळत नसे, रेकॉर्डच्या वेष्टनावर फोटो नसे. मग त्यांनी आपला इतिहास आपणच वस्तूंमध्ये जपला. माझ्या मते हौशी संग्रहांच्या जगात इतके मायेचे दुसरे दालन क्वचितच सापडेल.

या मायेचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ‘ट्यूबा ख्रिसमस’चा बिल्ला. विल्यम बेल हे अमेरिकेतले थोर ट्यूबावादक. जॉन फिलिप सूझा यांच्या बँडमध्ये त्यांनी वाजवले, मग संचालक टोस्कानिनींच्या हाताखाली एनबीसी सिंफनीत, पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये. त्यांचा जन्म १९०२ सालच्या नाताळच्या दिवशीचा. ते १९७१ मध्ये गेले. त्यांचे शिष्य हार्वी फिलिप्स यांनी गुरूच्या स्मरणार्थ २२ डिसेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधल्या बर्फाच्या रिंकवर देशभरातून ट्यूबा आणि युफोनियमवाले बोलावले. तीनशेहून अधिक जण आले. त्यांच्यासाठी नाताळगीतांची मांडणी संगीतकार ॲलेक वाइल्डर यांनी करून दिली. आता दर डिसेंबरात अमेरिकेतल्या कितीतरी गावांत हा मेळा भरतो, आणि नाव नोंदवणाऱ्याला त्या सालचा बिल्ला मिळतो.

या मेळ्यांत जुन्या वादकांच्या टोप्या पाहाव्यात. लोकरी टोपीवर साला-सालाचे बिल्ले ओळीने टाचलेले असतात. जुन्यांचा रंग उडालेला, टाचण्या गंजलेल्या. बाजारात एका बिल्ल्याला फारशी किंमत नाही. पण चाळीस वर्षांचे बिल्ले असलेली टोपी म्हणजे एका माणसाच्या चाळीस हिवाळ्यांची हजेरी आहे, आणि तिचे बिल्ले सुटे करून विकणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

खुद्द वाद्यांच्या संग्रहाला मात्र जागा आणि पैसा दोन्ही लागतात. ट्यूबा तसा तरुण. १२ सप्टेंबर १८३५ रोजी बर्लिनमध्ये विल्हेल्म वीप्रेख्ट आणि योहान गॉटफ्रीड मोरिट्झ यांनी त्याचे प्रशियन पेटंट घेतले. त्याआधी खर्जाची जबाबदारी सर्पासारख्या नागमोडी, लाकडी ‘सर्पेंट’कडे आणि पितळी चाव्यांच्या ऑफिक्लाइडकडे होती. मोरिट्झ यांच्या कारखान्यातला एक आरंभीचा ट्यूबा बर्लिनच्या वाद्यसंग्रहालयात पाहायला मिळतो. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातल्या डरहम शहरी व्हिन्सेंट सिमोनेटी या वादकाने जमवलेली तीनशेहून अधिक वाद्ये आहेत. ती सगळी खर्जाच्या घराण्यातली.

संग्राहकांचा जीव सर्वांत जास्त अडकतो तो सुसाफोनमध्ये. वरातीच्या बँडमध्ये खांद्यावरून अंगाभोवती वेटोळे घेतलेले, डोक्यावर मोठा भोंगा असलेले जे वाद्य आपण पाहतो, ते हेच. सूझा यांच्याच सूचनेवरून फिलाडेल्फियाच्या जे. डब्ल्यू. पेपर यांनी १८९३ मध्ये पहिला सुसाफोन बनवला, १८९८ मध्ये कॉन कंपनीने आपला काढला. सुरुवातीच्या या वाद्यांचा भोंगा सरळ आभाळाकडे उघडा असे, म्हणून त्यांना ‘पाऊस धरणारा’ असे टोपणनाव पडले. समोर वळलेला भोंगा नंतर आला. आकाशाकडे तोंड असलेला जुना नमुना आज हाती लागणे म्हणजे भाग्यच.

कॉनच्या जुन्या भोंग्यावरची नक्षी जवळून पाहावी. इंडियानातल्या एल्कहार्टच्या कारखान्यात कारागीर हाताने छिन्नी डावी-उजवीकडे झुलवत चांदीच्या मुलाम्यावर रेघ ओढत. भिंगाखाली ती सलग रेघ नसून बारीक नागमोडी टोच्यांची माळ दिसते. त्यातून फुलांच्या वेली, निसर्गदृश्ये, स्त्रीचे मुख आणि मधोमध कंपनीचे नाव उमटे. काही नमुन्यांत नक्षीच्या गाभ्याला सोन्याचा मुलामा आणि भोवती रवाळ, निस्तेज चांदी. प्रकाश बदलला की दोन्ही वेगवेगळी झळकतात. असे वाद्य मिळाले की नवखा पहिली चूक करतो ती चकाकी आणण्याची. यंत्रावर घासून काढले की टोच्यांच्या कडा बोथट होतात आणि मुलामा विरतो, आणि गेलेली नक्षी परत येत नाही. पोचे काढता येतात. पण पितळेतले जस्त झडून पडलेले लालसर डाग नळीला आतून खात असतात, तेव्हा घेण्याआधी तेच बघावेत, विशेषतः माउथपीसजवळच्या नळीत.

ज्यांना जागा नाही, त्यांच्यासाठी माउथपीस आहेत. सूझांच्या बँडमधले वादक ऑगस्ट हेलेबर्ग यांचे नाव कॉनच्या एका माउथपीसला मिळाले, आणि ‘हेलेबर्ग’ आजही बनतो. जुन्याची कड ओठांनी झिजलेली असते, चांदी जाऊन पितळ उघडे पडलेले असते. कारखान्यांचे जुने कॅटलॉगही हौसेने जमवले जातात, आणि वाद्य कोणत्या काळातले हे ठरवायला तेच कामी येतात.

रेकॉर्डचे दालन लहान पण समृद्ध आहे. १९४५ मध्ये पॉल ट्रिप आणि जॉर्ज क्लाइनसिंगर यांनी मुलांसाठी रचलेली ‘टबी द ट्यूबा’ ही गोष्ट कित्येक वेळा ध्वनिमुद्रित झाली. तिच्या सचित्र वेष्टनांचे स्वतंत्र संग्राहक आहेत. १३ जून १९५४ रोजी लंडनमध्ये फिलिप कॅटेलिनेट यांनी संचालक बार्बिरोलींसोबत वॉन विल्यम्स यांचा ट्यूबा कन्सर्टो पहिल्यांदा वाजवला. त्या मैफलीची कार्यक्रमपत्रिका मिळाली तर सोडू नये. विल्यम बेल यांची ‘गोल्डन क्रेस्ट’वरची आणि रॉजर बोबो यांची ‘क्रिस्टल’वरची तबकडी तर प्रत्येक ट्यूबावाल्याला हवीच असते. बोबो यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये ट्यूबाची स्वतंत्र मैफल केली, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. माइल्स डेव्हिस यांच्या ‘बर्थ ऑफ द कूल’मध्ये ट्यूबा बिल बार्बर यांचा आहे. अनेक जण तो अल्बम केवळ त्यासाठी घेतात.

खरेदीत एक धोका आहे. २०११ आणि २०१२ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या शाळांमधून ट्यूबा आणि सुसाफोन चोरीला जाऊ लागले. तिथल्या मेक्सिकन बांदा संगीतात सुसाफोनला मोठा मान, म्हणून मागणीही मोठी. तेव्हा व्हॉल्व्हवरचा अनुक्रमांक खरवडलेला दिसला तर वाद्य कितीही स्वस्त असो, हात लावू नये.

आपल्याकडे या वाद्यांचा वावर काही कमी नाही. मेरठच्या जली कोठीत बँडची वाद्ये बनतात. तिथली नादिर अली अँड कंपनी १८८५ पासूनची. पुण्यातल्या गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभात बँडसारखी पथके पिढ्यान्पिढ्या वाजवत आली आहेत. पण गळका सुसाफोन मोडीत जातो, आणि गणवेशाची बटणे, छातीवरचे बिल्ले, बँडच्या नावाच्या पाट्या माळ्यावर पडून राहतात. मला विचाराल तर इथे सुरुवात फोटोंपासून करावी. जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये वरातीचा एखादा तरी फोटो असतोच, आणि बहुतेक वेळा कडेला अर्धा कापलेला भोंगावाला असतो. त्या बँडच्या मालकाचे नाव घरातल्या म्हाताऱ्यांना कदाचित आठवेल. भोंगा कोण वाजवायचा तेही विचारावे, आणि सापडले तर नाव, गाव, साल फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे.