पावसाळ्यात मधमाशी काय खाते?

अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदाकाठचं मणिबेली हे सरदार सरोवर धरणाच्या बुडितात आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. १९९० च्या दशकात धरणाचं पाणी इथवर चढलं आणि नदीकाठची जमीन बुडू लागली. जिथे जमिनीची अशी टंचाई, तिथे घरामागच्या परसबागेचं मोल वाढतं. माणसासाठी आणि माशीसाठीही.

उन्हाळ्यात मधमाशीला जंगल पोसतं. आंब्याचा मोहर सरतो तोवर जांभूळ फुलते, मग करंज. खरी उपासमार आषाढ-श्रावणात. झाडांवर फुलं कमी, त्यात झड लागली की सातेरी जातीच्या मधमाश्यांना पोळ्याबाहेर पडता येत नाही.

नेमक्या याच दिवसांत परसातली काकडी, डांगर आणि दोडका मांडवावर चढतात. या वेलींवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. डांगराचे परागकण जड, चिकट; वाऱ्याने ते उडत नाहीत. माशी आली नाही तर मादी फुलामागचं कोवळं फळ पिवळं पडून गळतं.

फुलांच्या वेळाही ठरलेल्या. डांगराचं फूल पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतं, म्हणून त्यावर सकाळी फवारणी नको. दोडका मात्र संध्याकाळी उमलतो. संध्याकाळची फवारणी त्याच्यावरच्या पाहुण्यांच्या मुळावर येते.

वांग्याची तऱ्हा निराळी. त्याचे पराग मिठाच्या डबीसारख्या टोकाशी भोक असलेल्या परागकोशात बंद असतात. ते झटकायला फूल धरून अंग थरथरवावं लागतं. मधमाशीला हे जमत नाही. काळ्या भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या माशीला जमतं. म्हणजे मधपेटी ठेवली तरी वांग्याचं काम भुंग्याकडेच राहतं.

भुंगा वाळलेल्या बांबूत किंवा लाकडात घर करतो. तोही माशीच; जगात अशा माश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत. त्यातल्या बहुतेक एकट्या राहतात आणि अनेक जमिनीत बीळ करतात. त्यामुळे कुंपणाचे जुने बांबू लगेच चुलीत घालू नयेत आणि परसाचा उन्हातला एखादा कोपरा न खणता, न सारवता मोकळा ठेवावा.

दसऱ्यानंतर बांधावरची तूर पिवळी होते. तिची फुलं स्वतःच्या परागांवरही धरतात, तरी पानं गोल कातरून घरटं बांधणारी पानकापी माशी त्यांच्यावर हटकून येते. डांगराचा वेल वाळू लागतो, तेव्हा हाच फुलोरा माश्यांच्या कामी येतो. शेजारी तुळशीला मंजिऱ्या राहू दिल्या, तर लहान माश्यांचीही सोय होते.