कुत्रा वायर-पाइप का कुरतडतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे महिन्यातल्या एका दुपारी गच्चीवर गेलो, तर एसीच्या आउटडोअर युनिटभोवती काळ्या फोमचा चुरा पडला होता. तांब्याच्या नळ्या हातभर उघड्या झाल्या होत्या. नऊ महिन्यांचा आमचा वाघ्या फोमचा उरलेला तुकडा पुढच्या पंजांत धरून निवांत चघळत होता. शेजारच्या वायरवर त्याच्या दातांचे चार खळगे उमटले होते. बोट फिरवून पाहिलं, आतली तार लागायला केसभरच उरलं होतं.

फोम पुन्हा गुंडाळता येतो, वाघ्या परत आणता आला नसता. पुढच्या आठवडाभरात ओळखीच्या प्रत्येकाने उपाय सांगितले. त्यातले काही निरुपयोगी होते, काही चक्क घातक. अंगणात, गच्चीवर किंवा मळ्यात कुत्रा असलेल्या प्रत्येक घरात हेच सल्ले फिरतात, म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज: त्याला सगळं कळतं, तो मुद्दाम करतो. ओरडलं की कशी मान खाली घालतो!

वस्तुस्थिती: न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये याच 'अपराधी चेहऱ्या'चा अभ्यास प्रसिद्ध केला. मालक रागावला की कुत्रा तसा चेहरा करतो, मग त्याने काही केलेलं असो वा नसो, असं त्यांना आढळलं. खाली गेलेली मान म्हणजे तुमच्या रागाला दिलेला प्रतिसाद. सकाळी कुरतडलेल्या पाइपाबद्दल संध्याकाळी फटके दिले, तर त्याला त्या दोन गोष्टींचा संबंध लावता येत नाही. 'मालक घरी आला की मार बसतो' एवढंच तो शिकतो. भेदरलेला कुत्रा तर आणखी कुरतडतो, कारण चघळल्याने त्याला शांत वाटतं.

गैरसमज: दात येताहेत, आले की आपोआप थांबेल.

वस्तुस्थिती: हे अर्धंच खरं. पिल्लाला 28 दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून पिल्लू दिसेल ते चावतं. पण चघळणं ही कुत्र्याची आयुष्यभराची गरज आहे. वर्ष-दीड वर्षाचा कुत्रा तेच काम पिल्लापेक्षा कितीतरी दणकट जबड्याने करतो. आपण थांबण्याची वाट पाहत बसतो आणि तेवढ्यात सवय पक्की होते.

गैरसमज: कॅल्शियम कमी पडलंय, गोळ्या किंवा सिरप सुरू करा.

वस्तुस्थिती: हा सल्ला जवळपास प्रत्येकाकडून मिळतो. चांगला, समतोल आहार घेणाऱ्या पिल्लाला वरून कॅल्शियमची गरज नसते. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना तर जादा कॅल्शियमने हाडांच्या वाढीत दोष येऊ शकतात. मात्र कुत्रा चावलेलं नुसतं थुंकत नसेल, माती, कापड, प्लास्टिक गिळत असेल, तर त्यामागे जंत, रक्तक्षय किंवा पोटाचा विकार असू शकतो. अशा वेळी दुकानातून बाटली आणण्याऐवजी पशुवैद्याकडे जावं. पाइपाचा तुकडा गिळल्यावर उलट्या सुरू झाल्या, खाणं सुटलं किंवा शी होईनाशी झाली, तर त्याच दिवशी न्यावं. आतड्यात अडकलेला तुकडा जीव घेऊ शकतो.

गैरसमज: मिरचीपूड, फिनाइल किंवा डांबरगोळ्या ठेवल्या की जवळ फिरकणार नाही.

वस्तुस्थिती: मिरचीने त्याचे डोळे, नाक आणि तोंड भाजतं आणि पहिल्याच सरीत ती वाहून जाते. डांबरगोळी कुत्र्याने खाल्ली तर विषबाधा होते. फिनाइल आणि रॉकेल चाटण्यात आलं तरी धोका असतो. फाटकाला नीळ घातलेल्या पाण्याच्या बाटल्या टांगण्याचाही उपयोग होत नाही. निळा आणि पिवळा हे तर कुत्र्याला नीट दिसणारे रंग, त्यांना तो कशाला घाबरेल? दुकानात कुत्र्यांसाठीचे कडू स्प्रे मिळतात. ते काही कुत्र्यांवर चालतात, काहींवर नाही, आणि पावसाळ्यात पुन्हापुन्हा मारावे लागतात. त्यांना जोडीचा उपाय समजावं.

कुंड्यांचंही पाहा. बोनमील घातलेली माती कुत्र्याला हाडाच्या वासाने खेचते, मग तो उकरतो आणि हाताशी आलेली ठिबकची नळीही तोडतो. त्यात एरंडीची पेंड मिसळलेली असेल तर ती कुत्र्यासाठी जहाल विषारी असते. कुत्रा असलेल्या घरात ती वापरूच नये.

गैरसमज: एवढं मोठं अंगण आहे, त्याला फिरवायची काय गरज? फारच त्रास दिला तर साखळीला बांधावं.

वस्तुस्थिती: एकट्या कुत्र्यासाठी अंगण म्हणजे मोठी खोली. रोज तेच वास, तीच भिंत. कंटाळलेला कुत्रा स्वतःच काम शोधतो आणि ते त्याला वाऱ्यावर हलणाऱ्या वायरमध्ये सापडतं. दिवसभर बांधलेला कुत्रा साखळीच्या टप्प्यातलं सगळं फोडतो. कुत्र्याला अवाजवी काळ आखूड साखळीला बांधणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं, या दोन्ही गोष्टी प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 खाली गुन्हा आहेत. तुम्ही बाहेर पडताच पहिल्या अर्ध्या तासात दार-खिडकीजवळचीच मोडतोड होत असेल, तर तो एकटेपणाने घाबरतोय. तिथे शिस्त लावून भागत नाही, पशुवैद्याचा सल्ला घ्यावा लागतो.

गैरसमज: जुनी चप्पल किंवा पाइपाचा तुकडा द्यावा, त्यातच रमेल.

वस्तुस्थिती: जुनी चप्पल आणि कालच आणलेली चप्पल यांतला फरक त्याला कळत नाही. पाइपाचा तुकडा देणं म्हणजे पाइप चावायला शिकवणं. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या अणकुचीदार कपच्या घशात आणि आतड्यात रुततात. कुत्र्यांसाठी बनवलेली टणक रबरी खेळणी द्यावीत. नखाने दाबल्यावर जराही खळगा पडत नाही इतकं कडक काही देऊ नये, दाढ तुटते.

गैरसमज: घरात एमसीबी आहे, शॉकची भीती नाही.

वस्तुस्थिती: एमसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट झालं की पडतो. अंगातून जमिनीत जाणारा थोडासा करंट त्याला कळत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, तो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. 230 व्होल्टची वायर कुत्र्याच्या तोंडात असेल तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. शॉक बसूनही उठून चालू लागला म्हणजे सुटला, असं समजू नये. काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरून धाप लागू शकते. ओठ, जीभ भाजलेली दिसो वा न दिसो, दवाखान्यात न्यावंच.

मग करायचं काय?

उपायाला दोन बाजू आहेत: वस्तू दाताच्या टप्प्याबाहेर नेणं आणि दातांना काम देणं. एसीच्या नळ्यांवर पत्र्याचं किंवा जाड पीव्हीसीचं केसिंग बसवता येतं. बोअर, कॅमेरा आणि अंगणातल्या दिव्यांच्या वायरी कंड्युटमधून न्याव्यात, लोंबकळणारं टोक ठेवू नये. बागेचा पाइप वापर झाला की गुंडाळून उंच खुंटीवर टांगावा. मळ्यात उन्हाळ्यात कुत्री, कोल्हे आणि खारी ठिबकच्या नळ्या फोडतात, ते बहुतेक वेळा तहानेपोटी. तिथे सावलीत पाण्याची पसरट भांडी भरून ठेवावीत.

दुसरी बाजू वेळ मागते. सकाळ-संध्याकाळ फिरवताना त्याला मनसोक्त हुंगू द्यावं. चुकीची वस्तू तोंडात दिसली तर हिसकावू नये, त्याला ओढाओढीचा खेळ वाटतो. खेळणं पुढे करावं, त्याने ते घेतलं की लगेच शाबासकी द्यावी.

आमच्या गच्चीवर आता नळ्यांना पत्र्याचं केसिंग आहे. वाघ्याला सकाळी पाऊण तास फिरवतो आणि दुपारी भाकरी-दही भरलेलं रबरी खेळणं देतो. ते चाटून संपवायला त्याला अर्धा तास लागतो, मग तो युनिटच्या सावलीत पाय पसरून झोपतो. दातांचे खळगे असलेली ती वायर मी बदलून घेतली, पण तिचा वीतभर तुकडा जपून ठेवलाय. घरी कुणी नवं पिल्लू आणल्याचं सांगितलं, की आधी तो त्यांच्या हातात देतो आणि त्या खळग्यांवरून बोट फिरवायला सांगतो.