'पॅरिश' : परक्यांचे घर

"फादर, आमचा पॅरिश गावाकडे आहे. इथे आम्ही पाहुणेच की!" रविवारच्या मिस्सानंतर एक तरुण आम्हांस म्हणाला. मूळचा श्रीरामपूर भागातला, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर. बाळाच्या स्नानसंस्काराविषयी विचारावयास तो आला होता. खोलीचा भाडेकरार अकरा महिन्यांचा, नोकरीची मुदत त्याहूनही कमी. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, संकोच होता. त्या संकोचाचे उत्तर 'पॅरिश' या शब्दाच्या मूळ ग्रीक अर्थातच दडलेले आहे. म्हणून आज थोडे शब्दांविषयी.

ग्रीक भाषा ही सेमिनरीतील अभ्यासाची, आपल्याशी तिचा काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. परंतु आपण दररोज उच्चारतो तो 'केंद्र' हा शब्द मूळचा ग्रीक 'केन्ट्रॉन' होय. त्याचा अर्थ अणकुचीदार टोक. कंपासचे टोक जेथे रोवले जाते, तो बिंदू म्हणजे वर्तुळाचे केंद्र. ज्योतिर्गणिताच्या वाटेने हा शब्द संस्कृतात आला आणि मराठीत स्थिरावला. 'दाम' हा शब्द ग्रीकांच्या 'द्राख्मे' या नाण्यापासून 'द्रम्म' या रूपाने आपल्यापर्यंत पोहोचला. 'सुरुंग' या शब्दाचे मूळ 'सिरिंक्स', म्हणजे नळी, या शब्दात असल्याचे अनेक अभ्यासक मानतात.

शब्द माणसांबरोबर प्रवास करतात. पिंपरी-चिंचवडहून लोणावळ्याकडे जाताना कार्ल्याची बौद्ध लेणी लागतात. तेथील चैत्यगृहाच्या काही खांबांवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. धेनुकाकट येथील यवनांनी ते खांब दान केल्याची नोंद त्यांत आढळते. 'यवन' हा शब्द ग्रीकांच्या 'आयोनियन' या नावाशी निगडित आहे. या दात्यांपैकी कित्येकांची नावे मात्र भारतीय वळणाची आहेत. परके म्हणून ओळखल्या जाणाऱ्यांनी येथील प्रार्थनास्थळाचे खांब उभारले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या औद्योगिक पट्ट्यातही ग्रीक शब्द पावलोपावली भेटतात. 'ऑटोमोबाइल'मधील 'ऑटो' म्हणजे 'स्वतः'. पिंपरीत 1954 साली 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स' हा सरकारी कारखाना स्थापन झाला. 'अँटी' म्हणजे विरुद्ध, 'बायोस' म्हणजे जीवन. रोगजंतूंच्या जीवनाविरुद्ध लढणारे ते अँटिबायोटिक. तेथील संशोधकांनी 'हॅमायसिन' हे बुरशीविरोधी औषध ज्या सूक्ष्मजीवापासून मिळविले, त्याचे शास्त्रीय नाव 'स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना' असे आहे. 'स्ट्रेप्टोस' म्हणजे पिळलेला, 'मायकेस' म्हणजे बुरशी, आणि शेवटी आपली पिंपरी! अशा रीतीने ग्रीक नावाशेजारी एका मराठी गावाचे नाव जगाच्या विज्ञानग्रंथांत जाऊन बसले.

ख्रिस्तसभेच्या परिभाषेत तर ग्रीक शब्दांची दाटी आहे. 'एक्लेसिया' म्हणजे बोलावून एकत्र आणलेल्या नागरिकांची सभा. पोर्तुगीज 'इग्रेजा'मधून त्याचीच कोकणी 'इगर्ज' झाली. 'एपिस्कोपोस' म्हणजे देखरेख करणारा, त्यावरून बिशप. 'काथोलिकोस' म्हणजे समग्र, सर्वांना व्यापणारा.

आता आपल्या मूळ शब्दाकडे वळू. ग्रीकमध्ये 'ऑइकोस' म्हणजे घर. त्यापासून 'इकॉनॉमी' झाली आणि 'डायोसीस'ही. 'डिऑइकेसिस' म्हणजे घराचा कारभार पाहणे. याच 'ऑइकोस'ला 'पारा', म्हणजे शेजारी, हा शब्द जोडला की 'पारोइकोस' बनतो. गावात राहतो, पण नागरिकत्वाचा हक्क नाही, असा परका रहिवासी म्हणजे पारोइकोस. त्याचे वास्तव्य म्हणजे 'पारोइकिया'. लॅटिन 'पारोकिया'मार्गे त्याचाच इंग्रजीत 'पॅरिश' झाला.

संत पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना उद्देशून हाच शब्द आला आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या ख्रिस्तसभेने करिंथच्या ख्रिस्तसभेला लिहिलेल्या पत्राच्या आरंभीही दोन्ही समुदायांचे वर्णन आपापल्या शहरात परके म्हणून राहणारे, असेच केलेले आहे.

मराठीत आपण पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतो. शब्द सुंदर व जिव्हाळ्याचा आहे. मात्र गावाला वेस असते, आणि वेशीबाहेरून आलेला तो उपरा ठरतो. मूळ ग्रीक शब्दाला अशी वेस नाही. तेथे सारेच उपरे आहेत, आणि म्हणूनच ते एकमेकांचे शेजारी आहेत.

धर्मसंहितेतही हेच तत्त्व आहे. 1983 च्या संहितेतील कलम 102 व 107 यांनुसार, एखाद्या धर्मग्रामाच्या हद्दीत किमान तीन महिने राहण्याचा मानस असेल, अथवा तीन महिने वास्तव्य घडले असेल, तर तेथील धर्मगुरू हा त्या व्यक्तीचा आपला धर्मगुरू ठरतो. ज्याला कोठेच स्थिर ठिकाण नाही, त्याला तो ज्या ठिकाणी प्रत्यक्ष राहत असेल तेथील धर्मगुरू लाभतो. तेव्हा अकरा महिन्यांचा भाडेकरार हाती असलेला आमचा तरुण मित्र पाहुणा कसा?

आम्ही त्याला हे सांगितले आणि कुटुंबाचे नाव नोंदवहीत लिहून घेतले. आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील वा आजोबाही असेच कामाच्या शोधात या पट्ट्यात आले होते. येत्या रविवारी शेवटच्या बाकावर अनोळखी कुटुंब दिसले, तर आपण होऊन पुढे जावे आणि "कोठून आलात?" याबरोबरच "कोठे राहता?" हेही अगत्याने विचारावे. धर्मग्रामाशी त्यांचे नाते त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने जुळते.