अस्थींतील अक्षरे : प्राचीन डीएनएची प्रयोगतंत्रे आणि भाषाभ्यासक

इ. स. २०१९ च्या सप्टेंबर महिन्यात 'सेल' ह्या नियतकालिकात हरियाणातील राखीगढी येथील सिंधू संस्कृतिकालीन एका सांगाड्याच्या डीएनएविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे हे त्याचे प्रथम लेखक. त्याच सुमारास 'सायन्स' ह्या नियतकालिकात मध्य व दक्षिण आशियातील ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएविषयीचा दुसरा निबंध प्रकाशित झाला. दोन्ही निबंधांचे कित्येक लेखक समान होते आणि निष्कर्षही परस्परांस पूरक होते. असे असूनही वृत्तपत्रांतून एका पक्षाने 'आर्यभाषक बाहेरून आलेच नाहीत' असा, तर दुसऱ्या पक्षाने 'ते बाहेरून आले हे सिद्ध झाले' असा अर्थ त्यांतून काढला. आपल्या पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थीही हे दोन्ही अर्थ आपापल्या प्रबंधिकांत उद्धृत करू लागले आहेत. परंतु हाडापासून निष्कर्षापर्यंतची वाट कोणकोणत्या टप्प्यांनी जाते, हे विचारणारा विद्यार्थी विरळा. प्रस्तुत लेखात ती वाट क्रमाने दाखवावयाची आहे.

प्राचीन संहितेचा अभ्यासक प्रथम हस्तलिखिताची परीक्षा करतो व मगच पाठाचा विचार करतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची, १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ह्याच शिस्तीतून सिद्ध झाली. डीएनएच्या संशोधनातही हीच शिस्त पाळावी लागते, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

डीएनए हा दोन धाग्यांचा दीर्घ रेणू होय. ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन हे चार घटक त्यात विशिष्ट क्रमाने ओवलेले असतात. एका धाग्यातील ॲडेनिनासमोर दुसऱ्या धाग्यात थायमीन व ग्वानिनासमोर सायटोसीन येते. म्हणून एका धाग्याचा क्रम कळला की दुसऱ्याचा आपोआप कळतो. मानवाच्या एका जीनसंचात अशा सुमारे ३१० कोटी जोड्या असतात. जिवंत पेशीत हा धागा अखंड राखण्याची व्यवस्था असते. मृत्यूनंतर ती थांबते आणि उष्णता, पाणी व जंतू ह्यांच्यामुळे धाग्याचे तुकडे होऊ लागतात. चार हजार वर्षांपूर्वीच्या हाडात, त्यातही आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातील हाडात, डीएनए उरलाच तर तो बहुधा शंभराहून कमी घटकांच्या तुकड्यांच्या रूपात उरतो. राखीगढीचे ६१ नमुने तपासल्यावर अभ्यासास पुरेसा डीएनए एकाच व्यक्तीचा, एका स्त्रीचा, मिळाला; ह्याचे कारण हेच.

पहिला टप्पा निष्कर्षणाचा, म्हणजे हाडातून डीएनए वेगळा काढण्याचा. कानामागील कवटीचे हाड अत्यंत घट्ट असल्याने त्यात डीएनए अधिक टिकतो, हे २०१४-१५ च्या सुमारास स्पष्ट झाले. त्या हाडाचे काही मिलिग्रॅम चूर्ण घेऊन ते ईडीटीए ह्या रसायनाच्या द्रावणात ठेवतात. ईडीटीए हाडातील कॅल्शियम बांधून ठेवते आणि सोबत घातलेले प्रोटिनेज-के हे विकर प्रथिनांचे विघटन करते. मग विशिष्ट क्षारांच्या सान्निध्यात डीएनए सिलिकेच्या कणांना चिकटतो व बाकीचा गाळ धुऊन टाकता येतो. ह्या कामाची मुख्य साधने दोनच : द्रव मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे लिटरच्या दशलक्षांश भागात, मोजणारे पिपेट आणि नळ्या अतिवेगाने फिरवून जड भाग तळाशी नेणारा सेंट्रिफ्यूज.

दुसरे तंत्र पीसीआर, म्हणजेच पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया. करोनाच्या साथीमुळे हे नाव २०२० साली घरोघरी पोहोचले. ह्याची कल्पना कॅरी मुलिस ह्यांना १९८३ साली सुचली व त्याबद्दल त्यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे तंत्र तीन तापमानांचे आहे. सुमारे ९५ अंश सेल्सिअसला डीएनएचे दोन धागे सुटे होतात. ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान प्राइमर नावाचे छोटे, मुद्दाम घडविलेले तुकडे धाग्यावरील आपल्या जागा शोधून चिकटतात. आणि ७२ अंशांना पॉलिमरेज हे विकर तेथून पुढे नवा धागा विणते. येथे सामान्य विकर उष्णतेने निकामी झाले असते. म्हणून अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत सापडलेल्या जंतूचे, उष्णता सोसणारे विकर योजतात. एका आवर्तनात एकाचे दोन होतात, दुसऱ्यात चार. ३० आवर्तनांनंतर एका रेणूच्या १०७ कोटींहून अधिक प्रती होऊ शकतात.

प्रती खरोखर झाल्या की नाही, हे पाहण्याचे साधे साधन म्हणजे जेल-विद्युत्संचारण. समुद्रशैवलापासून मिळणाऱ्या ॲगरोजची पातळ वडी करून तिच्या एका टोकाच्या खाचांत द्रावण भरतात व वडीतून विद्युत्प्रवाह सोडतात. डीएनएवर ऋण भार असल्यामुळे तो धनाग्राकडे सरकतो. लहान तुकडे वडीच्या जाळीतून लवकर निसटतात, मोठे मागे राहतात. रंजकद्रव्य घालून अतिनील प्रकाशात पाहिले असता लांबीप्रमाणे पट्टे दिसतात.

वाचनाचे तंत्र फ्रेडरिक सँगर ह्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केले. आजची यंत्रे निराळ्या रीतीने एकाच वेळी कोट्यवधी तुकडे वाचतात. त्यासाठी प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांस ज्ञात क्रमाचे जोडतुकडे लावतात. अशा संग्रहाला प्रयोगशाळेत 'लायब्ररी' म्हणतात. प्राचीन हाडातील बहुतांश डीएनए मातीतील जंतूंचा असतो. म्हणून मानवी जीनसंचातील सुमारे १२ लाख ठराविक जागांशी जुळणारे कृत्रिम तुकडे गळासारखे टाकून हवे तेवढेच तुकडे वेचतात. यंत्राने वाचलेला प्रत्येक तुकडा मग संगणकाच्या साहाय्याने मानवी जीनसंचाच्या प्रमाण पाठाशी ताडून योग्य जागी बसविला जातो.

आता मुख्य अडचण. पीसीआर आपले आणि परके ओळखत नाही. संशोधकाच्या त्वचेतून गळलेली एक पेशी, उत्खननात कोणी हाताळलेले हाड, शेजारच्या नळीतील एक थेंब, ह्यांपैकी कोणतेही निमित्त शंभर कोटी खोट्या प्रती निर्माण करण्यास पुरेसे असते. १९९४ साली आठ कोटी वर्षांपूर्वीच्या, बहुधा डायनोसॉरच्या, हाडांतून डीएनए मिळाल्याचा दावा झाला होता. पुढच्याच वर्षी तो डीएनए मानवाचा असल्याचे दाखविण्यात आले. ह्याच अनुभवांतून आजची सोवळ्याची शिस्त आली. निष्कर्षणाची खोली पीसीआरच्या खोलीपासून दूर असते, संशोधक सर्वांग झाकून काम करतो आणि प्रत्येक वेळी हाडाच्या चूर्णाऐवजी नुसती रसायने घातलेली एक नळी सर्व टप्प्यांतून नेली जाते. त्या रिकाम्या नळीत डीएनए सापडला, तर त्या खेपेचे सर्वच निष्कर्ष संशयास्पद ठरतात.

सत्यतेची आणखी एक खूण आहे आणि ती पाठचिकित्सेच्या अभ्यासकास विशेष रुचेल. काळाच्या ओघात डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांकडील सायटोसिनाचे रूप पालटते व यंत्र ते थायमीन म्हणून वाचते. हा पाठदोषच होय. पण तो ताज्या डीएनएत आढळत नाही. म्हणून टोकांकडे हा दोष पुरेशा प्रमाणात दिसला, तरच तुकडा प्राचीन मानतात. लेखनिकाच्या चुकांवरून हस्तलिखिताचे वय व कुळ ओळखावे, तसाच हा प्रकार. दोष हाच येथे प्रामाण्याचा पुरावा होतो.

ह्या सर्व कसोट्यांतून उतरलेले फलित कोणत्या स्वरूपाचे असते? राखीगढीच्या स्त्रीच्या डीएनएत स्टेप प्रदेशातील पशुपालकांचा वंशांश आढळला नाही. इराणमधील शहर-ए-सोख्ता व तुर्कमेनिस्तानातील गोनूर येथे सापडलेल्या ११ प्राचीन व्यक्तींशी तिचे साम्य दिसले. आजच्या अनेक दक्षिण आशियाई समाजांत मात्र स्टेपचा अंश आहे. आणि तो इ. स. पू. २००० ते १५०० ह्या काळात येथे आला असावा, असे 'सायन्स'मधील निबंधाचे अनुमान आहे. येथपर्यंतची विधाने वंशाविषयीची आहेत. भाषेविषयीचे विधान ह्यापुढे सुरू होते आणि ते कोणत्याही नळीतून निघालेले नाही. वंशाचा हा प्रवाह व इंडो-आर्य भाषांचा प्रसार ह्यांची सांगड घालताना, ह्या भाषांचे युरोपीय भाषांशी असलेले नाते जनुकशास्त्रज्ञ तुलनात्मक भाषाविज्ञानाकडूनच घेतात. ही सांगड दुर्बल आहे, असे माझे म्हणणे नाही. ती पुष्कळच सबळ आहे. तथापि भाषाभ्यासकाने तिचा निर्देश आपल्या सिद्धांताचा स्वतंत्र पुरावा म्हणून केला, तर आपणच उसने दिलेले धान्य परत येताच त्याला नवे पीक समजण्यासारखे होईल. स्वतंत्र आहे तो लोकांच्या स्थलांतराचा पुरावा, भाषेचा नव्हे.

वंश आणि भाषा नेहमीच बरोबर चालतात असेही नाही. हंगेरियन ही उरल कुलातील भाषा. पण आजच्या हंगेरियनांचा वंश बव्हंशी शेजारच्या मध्य युरोपीयांसारखाच आहे. कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या डीएनएत पश्चिम आशियाई ज्यूंचा व भारतीयांचा असे दोन्ही अंश असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्यांची मातृभाषा मात्र पिढ्यान्पिढ्या मराठी. केवळ अस्थी हाती असत्या, तर त्या भाषेचा अंदाज कोणी बांधू शकला नसता.

तात्पर्य, डीएनएवरील निबंध हाती येताच विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. किती नमुने तपासले व त्यांपैकी किती फलद्रूप झाले? रिकाम्या नळीत काय निघाले व टोकांवरील दोषांचे प्रमाण किती आहे? आणि निष्कर्षाचे कोणते वाक्य प्रयोगशाळेचे, कोणते आपल्या शास्त्राकडून घेतलेले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे निबंधाच्या पद्धतिविषयक भागात व पुरवणीत बहुधा मिळतात. तिसऱ्याचे उत्तर शोधणे हे मात्र आपलेच काम आहे, आणि ते जीवशास्त्रज्ञांवर सोपविता येणार नाही.