दगडावरची खूण आणि कागदावरची नोंद

कांदिवली म्हटलं की आज इमारती, मेट्रो आणि लोकलची गर्दी डोळ्यांपुढे येते. १९३०च्या दशकात तिथे ओढे होते, आणि त्या ओढ्यांच्या काठचे थर न्याहाळत के. आर. यू. टॉड नावाचे नौदल अधिकारी हिंडत होते. चिकणमाती आणि गोटे यांचे थर एकावर एक चढलेले, आणि त्यांत अडकलेली माणसाच्या हातची दगडी हत्यारं. १९३९ साली टॉड यांनी मुंबईच्या पुराश्मयुगावर लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात लेख लिहिला. १९५० साली मुंबई परिसरातल्या सूक्ष्मास्त्रांवरचा त्यांचा लेख ‘एन्शंट इंडिया’त आला. ते ओढे आता तसे राहिलेले नाहीत. टॉड यांनी लावलेल्या क्रमाविषयी पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या, आणि त्या रास्तही असतील. पण शंका घ्यायला तरी काही शिल्लक आहे, ते त्यांनी कोणता दगड कोणत्या थरात मिळाला हे लिहून ठेवलं म्हणून.

अश्मयुगावर आपल्याकडे जे लोकप्रिय लेखन होतं त्यात लाखो वर्षांचे आकडे भरपूर असतात, दगड मात्र फारसा दिसत नाही. वाचकाला हातकुऱ्हाडीचं वय पाठ असतं, पण नदीकाठी ती पायाशी आली तर ओळखू येत नाही. म्हणून इथे दगडापासूनच सुरुवात करू.

यूरोपातल्या आदिमानवाचा आवडता दगड म्हणजे फ्लिंट, चकमकीचा दगड. तो खडूसारख्या मऊ चुनखडीत गोळ्यांच्या आणि पट्ट्यांच्या रूपात सापडतो. इंग्लंडमधल्या ग्राइम्स ग्रेव्ह्ज इथे नवाश्मयुगातल्या लोकांनी केवळ या दगडासाठी विहिरींसारख्या चारशेहून अधिक खाणी खणल्या, त्याही हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी. महाराष्ट्राची बहुतेक भूमी लाव्ह्याची. इथे तशी चुनखडी नाही आणि तसा फ्लिंटही नाही. मात्र लाव्ह्यात राहून गेलेल्या पोकळ्यांत आणि भेगांत सिलिकायुक्त पाणी झिरपलं आणि त्यातून कॅल्सेडनी, अकीक, जास्पर असे दगड तयार झाले. भोवतालचा खडक झिजला की ते सुटे होतात आणि नद्यांच्या पात्रात गोट्यांबरोबर येतात. लहान पाती आणि तासण्या यांच्यासाठी ते उत्तम. तळहाताएवढी हातकुऱ्हाड किंवा फरशी घडवायची तर एवढा मोठा तुकडा मिळत नाही. तिथे काळा पाषाण वापरला गेला, आणि त्यातही बारीक, घट्ट कणांचा डोलेराइट. दगड फुटतो कसा याची पारख असल्याशिवाय ही निवड होत नाही.

बारीक कणांचे हे सगळे दगड ठरलेल्या पातळीवर न फुटता आघाताची लाट जाईल तसे फुटतात. त्यामुळे प्रत्येक घावाची खूण मागे राहते. कॅल्सेडनीचा एखादा छिलका हातात घेऊन पाहा. अंगठ्याच्या पेराएवढा, दुधाळ, उजेडात धरला की पातळ कडेने पिवळसर दिसणारा. एका टोकाला अगदी छोटी सपाट जागा असते. घाव तिथे बसला. तिच्या लगेच खाली, पोटाच्या बाजूला, फुगवटा असतो. तो डोळ्यांच्या आधी अंगठ्याला लागतो. फुगवट्यावर बहुधा एक इवलासा टवका उडालेला असतो. तिथून खाली शिंपल्यावर असतात तशा मंद वळ्या पसरत जातात आणि त्यांची वळणं घावाच्या जागेकडे बोट दाखवतात. आता छिलका उलटा करा. पाठीवर याआधी उडालेल्या छिलक्यांचे खोलगट ठसे आहेत, त्यांच्या मधून कंगोरे गेले आहेत. एका कडेला मूळ गोट्याची खरबरीत साल राहिली आहे. कोणता ठसा कोणाला कापून गेला हे पाहिलं की घावांचा क्रम लावता येतो. हा दगड फोडणाऱ्याने आधी काय केलं आणि मग काय केलं, ते हजारो वर्षांनंतर खात्रीने सांगता येतं. प्रागितिहासात इतकी खात्री फार थोड्या ठिकाणी मिळते.

छिलका जिथून निघाला तो गाभा. त्याच्यावर फुगवट्याच्या जागी खळगा असतो. छिलक्याच्या कडेवरून ओळीने बारीक टवके काढून धार पक्की केली असेल तर ती तासणी किंवा अणी. असे टवके सारख्या मापाचे आणि एकाच बाजूने काढलेले असावे लागतात. कुठेही एखादा-दुसरा टवका उडालेला असेल तर तेवढ्यावर काही ठरत नाही.

कारण दगड फोडणारा माणूस एकटा नाही. पुरात गोटे एकमेकांवर आपटतात आणि त्यांचेही छिलके उडतात. आगीत तापलेल्या दगडाचा गोल पापुद्रा सुटतो, पण त्याला ना घावाची जागा असते ना फुगवटा. नांगराच्या फाळाने उडवलेला टवका रंगावरून ओळखू येतो, कारण जुन्या पृष्ठावर साचलेला रंग या ताज्या जखमेत नसतो. काळ्या पाषाणाची अडचण वेगळीच. त्याचं पृष्ठ इतकं कुजतं की वळ्या आणि फुगवटा पार पुसले जातात. तिथे दोन्ही अंगांनी आळीपाळीने काढलेले मोठे ठसे, मधून जाणारी नागमोडी कड आणि एकूण बांधणी यांच्यावरून ठरवावं लागतं. नुसता बदामी आकार पाहून ‘हातकुऱ्हाड’ म्हणणाऱ्यांनी घराघरांत किती साधे गोटे जपून ठेवले असतील!

या फसगतीतून मोठे विद्वानही सुटले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या बेंजामिन हॅरिसन यांनी अतिप्राचीन ओबडधोबड ‘हत्यारं’ गोळा केली आणि त्यावरून जाणकारांत दोन तट पडले. १९०५ साली फ्रान्समध्ये मार्सेलँ बूल यांनी दाखवलं की सिमेंटच्या कारखान्यात चुनखडी घुसळणाऱ्या यंत्रातून तसेच दगड बाहेर पडतात. हेझलडाइन वॉरन यांनी जमिनीच्या दाबाने होणारी फूट तपासली. १९३९ साली आल्फ्रेड बार्न्स यांनी मोजमापाचा मार्ग सुचवला. माणूस दगड फोडताना कडेचा कोन लघु राखतो, निसर्गाला तसं बंधन नसतं. म्हणून एकाच दगडावरून निवाडा न करता पूर्ण संचातले कोन मोजायचे आणि विशालकोन चौथाईहून कमी असतील तरच तो संच माणसाचा मानायचा. कोनाच्या कसोटीवर पुढे टीका झाली, तिच्या मर्यादाही दिसल्या. तरी एकट्या दगडापेक्षा पूर्ण संचाचं म्हणणं ऐकायचं, ही सवय त्या वादाने लावली, आणि मला ती त्या कसोटीहून मोलाची वाटते.

माणसाने फोडलेला दगड प्राचीनच असेल असंही नाही. खंबायतचे अकीक कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी अणीवर दगड टेकवतात आणि शिंगाच्या टोकाच्या मोगरीने ठोकतात. त्यांच्या अंगणातले छिलके सगळ्या कसोट्यांना उतरतात. चकमक झाडून उडालेल्या टवक्यांचंही तेच. म्हणजे दगड सांगतो ते एवढंच की माणसाचा हात लागला आहे. कधी लागला, हे त्याच्या जागेकडूनच कळतं.

हे ज्ञान मिळायला मोठा काळ गेला. १७९७ साली जॉन फ्रीअर यांनी इंग्लंडमधल्या हॉक्सन इथून विटांच्या मातीखाली सुमारे बारा फुटांवर मिळालेल्या हातकुऱ्हाडींविषयी लंडनच्या विद्वत्सभेला पत्र लिहिलं. ते छापून आलं आणि विसरलं गेलं. फ्रान्समध्ये बूशे द पर्थ सोम नदीच्या खोऱ्यातली हत्यारं वर्षानुवर्षं दाखवत राहिले, आणि त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही. १८५९च्या एप्रिलमध्ये जोसेफ प्रेस्टविच आणि जॉन इव्हान्स तिथे गेले. गोट्यांच्या थरात रुतून बसलेली कुऱ्हाड त्यांनी जागची न हलवता पाहिली आणि तिचं तिथेच छायाचित्र काढवून घेतलं. त्यानंतर वारं फिरलं. हत्यारं तीच होती, पण आता जागेचा पुरावा सोबत होता.

पुढच्या चारच वर्षांत, ३० मे १८६३ रोजी, भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम इथे खणलेल्या खड्ड्याच्या मातीत हातकुऱ्हाड दिसली. त्याच वर्षी विल्यम किंग यांच्यासोबत त्यांना अत्तिरमपक्कम सापडलं. फूट पेशाने भूवैज्ञानिक, त्यामुळे दगडासोबत थराची नोंद करणं त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. त्यांचा संग्रह मद्रासच्या संग्रहालयात गेला आणि त्याची सूची त्यांच्या निधनानंतर छापली गेली. अत्तिरमपक्कमला अलीकडे शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा उत्खनन केलं. तिथल्या सर्वांत जुन्या हत्यारांचं वय २०११ साली त्यांनी सरासरी १५ लाख वर्षं असं मांडलं. दीडशे वर्षांनी कोणी त्याच जागी नेमकं पोहोचू शकतं, ते आधीच्याने जागा नीट सांगून ठेवलेली असते म्हणून.

गोदावरीचा मानही जुना आहे. पैठणजवळच्या मुंगी इथे विन यांना १८६०च्या दशकातच प्राण्यांच्या जीवाश्मांच्या थरात अकीकाचा छिलका मिळाला होता. खरं काम सुरू झालं ते हसमुख संकलिया १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावर. नाशिकजवळच्या गंगापूरची हत्यारं, १९५२ सालचा गोदावरी खोऱ्यावरचा प्रबंध, मग प्रवरेकाठचं नेवासं. नेवाशाच्या तासण्या आणि अण्या चर्ट-जास्परच्या होत्या, काळ्या पाषाणाच्या हातकुऱ्हाडींहून नंतरच्या थरातल्या. त्यावरून संकलियांनी मध्य पुराश्मयुगाचा वेगळा टप्पा मांडला. दगडी हत्यारांची तंत्रं, नावं आणि संभाव्य उपयोग यांच्यावरचं त्यांचं १९६४ सालचं इंग्रजी पुस्तक आजही उपयोगी आहे. नेवाशाजवळच्याच चिरकी इथे गुडरून कॉर्विनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात उत्खनन केलं. कर्नाटकातल्या इसामपूरला के. पद्दय्या यांनी तर हत्यारं घडवण्याची जागाच उघडी केली. तिथे चुनखडीचे फाळके, गाभे, छिलके आणि अर्धवट सोडलेला माल सगळा एकत्र होता. जुने संग्राहक देखणी कुऱ्हाड उचलत आणि बाकीचा ‘कचरा’ टाकून देत. त्या कचऱ्याशिवाय कारागिराची रीत कळत नाही.

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. शां. अ. साळी यांनी १९७२-७३ साली तिथे खणलं आणि मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतचा क्रम हाती आला. उत्तर पुराश्मयुगाच्या पात्यांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला एक तुकडा मिळाला. वय सुमारे २५,००० वर्षं. खानदेशात शहामृग होते, हे एरवी कोण खरं मानेल?

जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी असलेल्या बोरीची गोष्ट वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. तिथे हत्यारांच्या संगतीत ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला. पहिल्या मोजणीत वय आलं सुमारे १४ लाख वर्षं, पुढच्या पद्धतीने ६ लाख ७० हजार, आणि काहींच्या मते ही सुमात्रातल्या टोबाच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची राख आहे. राख पडली तिथेच राहिली की पाण्याने फिरून आणली, तिच्यात जुन्या खडकाचे कण मिसळले का, हत्यार राखेच्या नेमकं कोणत्या बाजूला होतं, असे प्रश्न निघाले. प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं खड्ड्याच्या भिंतीपाशी बसून केलेल्या आलेखातच शोधावी लागतात.

उत्खननात प्रत्येक वस्तूची जागा लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही अंगांनी मोजतात. वस्तूचा कल आणि दिशाही टिपतात, कारण पाण्याने वाहून आलेल्या दगडांचे कल बरेचदा एका दिशेला जुळतात. माती चाळतात. वस्तूच्या पोटाच्या बाजूला बारीक अक्षरात स्थळाची खूण आणि क्रमांक लिहितात, आणि चिठ्ठी पिशवीच्या आतही ठेवतात. मग चित्र. कॅमेरे इतके सुधारले तरी रेखाचित्र मागे पडलेलं नाही. अर्धपारदर्शक कॅल्सेडनीच्या फोटोत ठशांच्या कडा हरवतात; चित्रकार त्या बोटाने चाचपून काढतो. प्रकाश डाव्या वरच्या कोपऱ्यातून येतो असं धरायचं, प्रत्येक ठशातल्या वळ्या घावाच्या दिशेने बाकदार रेघांनी दाखवायच्या, साल ठिपक्यांनी. पाठ, पोट, बाजू आणि छेद एका ओळीत, खाली मापाची पट्टी. असं चित्र काढताना प्रत्येक ठशाविषयी निर्णय घ्यावा लागतो, आणि त्या निर्णयांतच अभ्यास होतो. विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर द्यायच्या आधी पेन्सिल द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

आज सगळ्यांत मोठी हानी होते ती वाळूउपशाने, शेततळ्यांनी, मुरमासाठी पोखरलेल्या टेकड्यांनी. प्रवरा, घोड, कुकडी, भीमा यांच्या काठचे जुने गोट्यांचे थर जेसीबीच्या एका दिवसाच्या कामात नाहीसे होतात. प्रत्येक काठावर पुरातत्त्वज्ञ उभा करता येणार नाही. तिथे शेतकरी असतो, शाळेतले मास्तर असतात, गुराखी असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७पासून सामान्य माणसाला मिळालेल्या वस्तूंची नोंद घेणारी योजना चालते. तिथे नेमलेले अधिकारी वस्तू पाहतात, मोजतात, जागा नकाशावर टिपतात आणि बहुतेक वेळा वस्तू ज्याची त्याला परत देतात. चकमकीच्या दगडाच्या साध्या छिलक्यांचीही नोंद होते. आपल्या प्रत्येक जिल्ह्याला असा एक माणूस मिळावा, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

तोवर कोणालाही करता येईल असं काम आहे. दगड थरात रुतलेला असेल तर उपटायचा नाही. आधी काठाचा दुरून फोटो, मग जवळचा, शेजारी नाणं किंवा मोजपट्टी ठेवून. फोनवर अक्षांश-रेखांश मिळतात, ते लिहून घ्यायचे. गावाचं, शिवाराचं, ओढ्याचं स्थानिक नाव लिहायचं, कारण ते गावकऱ्यांना विचारता येतं. दगड काठाच्या माथ्यापासून किती खाली होता, मातीत होता, गोट्यांत होता की वर सुटा पडला होता, हेही लिहायचं. दगड घासून धुवायचा नाही, धारेवर चिकटलेलं काहीही खरवडायचं नाही. तारीख घालायची आणि हे सगळं डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवायचं. काठावर उपसा सुरू असेल, तर त्याच दिवशी.