चौथं पिंप

गटाराच्या नव्या कामात परसाला फरशी आली आणि आईनं लावलेला रायवळ आंबा गेला. उरली अर्धी कापलेली चार पिंपं. त्यांत काय लावायचं, यावर घरात आठवडाभर खल चालला.

जन्म बँकेत गेल्यामुळं मी झाडालाही मुदत विचारतो. बियांचं लिंबू फळाला पाच-सहा वर्षं घेतं, गुटी कलमाचं दोन-तीन. पासष्टीत हा फरक थोडाथोडका नव्हे! तेव्हा लिंबू आणि डाळिंब, दोन्ही कलमाचीच आणली. पिंपांच्या तळाला भोकं, भोकांवर खापऱ्या, वर माती, शेणखत, थोडी वाळू. तिसऱ्यात कढीपत्ता. त्याचे शेंडे खुडले की तो दाट फुटतो. म्हणजे रोजची फोडणी हीच त्याची छाटणी. शेवगा सुचवणारे शेजारी भेटले. पण तो सरळ वर जातो आणि वाऱ्यात मोडतो.

चौथ्यात चाफा ठरला होता. नर्सरीतून आलो तर पिंप भरलेलं, वर ओली माती. शेवटच्या आंब्यांतली कोय हिनं त्यात पुरली होती. कोयीच्या झाडाला आंबे कधी लागतात, हे तिलाही ठाऊक आहे. मी हिशेब सांगितला नाही. चाफ्याची फांदी शेजाऱ्यांना दिली.