स्वाध्यायपत्रिका : अक्षर व अंक शिकविण्याचे साधन

छापील स्वाध्यायपत्रिका आता वाडीवस्तीवरील शाळेपर्यंतही पोहोचल्या आहेत. भ्रमणध्वनीवर त्या उतरवून घ्याव्यात व बाजाराच्या गावी छायाप्रती काढाव्यात, इतके हे काम सोपे झाले आहे. परंतु साधन सुलभ झाले म्हणजे अध्यापन सफल झाले, असे नव्हे. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक बालकास अर्थासह वाचन व मूलभूत संख्याज्ञान यावे, असे ध्येय २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने ठेविले आहे. त्या ध्येयास पत्रिका कशी साहाय्यभूत होईल, याचा येथे विचार करू.

प्रथम क्रम ध्यानी घ्यावा. आधी वस्तू, मग चित्र, शेवटी चिन्ह. चिंचोके व काड्या हाताळल्याशिवाय बेरजेची पत्रिका आणि ध्वनी कानी पडल्याशिवाय अक्षराची पत्रिका मुलाच्या हाती देऊ नये.

भाषा : इंग्रजी वर्णध्वनींच्या पत्रिकांचा साचा जसाच्या तसा मराठीस लावता येत नाही. मराठीत व्यंजन व स्वर मिळून एक अक्षर होते. म्हणून 'क, का, कि, की' यांतील फरक आधी कानांनी ओळखविणे अवश्य आहे. पुढील तीन ठिकाणी मुले अडतात. पत्रिका तेथेच योजावी.

(१) 'कि' मध्ये वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार मागाहून होतो.

(२) अनुस्वाराचे चिन्ह एकच. पण 'आंबा', 'चेंडू', 'संत', 'अंग' यांत त्याचा ध्वनी निरनिराळा आहे.

(३) 'चहा' व 'चाक' यांत च एकच लिहिला जातो, पण उच्चार दोन आहेत. चित्रे देऊन अशा शब्दांचे दोन गट करावयास सांगावे.

गणित : गणिताच्या पत्रिकेत किती उत्तरे बरोबर आली, यापेक्षा चूक कशी झाली हे अधिक बोलके असते. ५७ – २२ हे उदाहरण बरोबर सोडविणारा मुलगा ५२ – २७ चे उत्तर ३५ लिहितो, तेव्हा तो निष्काळजी नसतो. लहान अंक मोठ्यातून वजा करावयाचा, एवढाच नियम त्याने मनाशी धरिलेला असतो. त्यास आणखी दहा उदाहरणे दिल्यास ती चूकच दृढ होईल. त्याऐवजी दहादहा काड्यांच्या पाच जुड्या व दोन सुट्या काड्या द्याव्यात. एक जुडी सोडली की चार जुड्या व बारा सुट्या होतात. त्यांतून सत्तावीस काढले की पंचवीस उरतात, हे तो स्वतः पाहतो.

मराठी संख्यानामांचीही एक अडचण आहे. 'सत्तेचाळीस' मध्ये सात आधी ऐकू येतो, म्हणून मूल ७४ लिहिते. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिते. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशा वाचनाची जोड दिली, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. वाद काहीही असो, मुलाची अडचण खरी आहे. 'चार दशक, सात एकक' असे म्हणवून मग संख्या लिहविणारी पत्रिका येथे उपयोगी पडते.

आपल्या जिल्ह्यात या साधनाचे आणखी एक मोल आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील अनेक कुटुंबे ऊसतोडणीस जातात. त्यांची मुले वर्षाचे कित्येक महिने शाळेस अंतरतात. उलट, आपल्या साखर कारखान्यांच्या क्षेत्रात परजिल्ह्यांतील मुलेही येतात. अशा मुलासोबत त्याच्या दिनांकित पत्रिकांचे बाड गेले, तर तिकडील गुरुजींना तो कोठवर आला हे एका दृष्टिक्षेपात कळेल. ते बाड परत आले म्हणजे आपणासही त्याला पुन्हा 'ग म भ न' पासून आरंभ करावयास लावण्याचे कारण उरणार नाही. मागे पडलेले मूल बहुधा मंदबुद्धीचे नसते. त्याचा धागा तुटलेला असतो.

द्विशिक्षकी शाळेत एका इयत्तेस पत्रिका देऊन दुसरीस शिकविता येते. मात्र पत्रिका एका पानाची असावी, तीत एकच नवीन गोष्ट असावी आणि शिक्षकाने ती त्याच दिवशी मुलासमोर तपासावी. छपाईची सोय नसेल, तर फळ्यावर आखलेली व पाटीवर सोडविलेली पत्रिकाही तितकीच उपयुक्त होय. तिची नोंद तेवढी शिक्षकाने वहीत ठेवावी. कागद मुलाला शिकवीत नाही. कागदावरील चूक वाचणारा शिक्षक शिकवितो.